नंदादीप आणि तेवीस टॅब

काकांच्या लॅपटॉपच्या पुढच्या कडेला बाजरीच्या दाण्याएवढा एक दिवा आहे. हार्ड डिस्कवर काही वाचणं-लिहिणं चाललं की तो लुकलुकतो. दिवाळीत साताऱ्याला गेले तेव्हा मात्र तो नंदादीपासारखा अखंड तेवत होता. काका बँकेतून निवृत्त झालेले. सकाळी चहा आणि शेअर बाजार, हे दोन नेम कधी चुकत नाहीत. "अगं, बाण हलवला की हा आधी विचार करतो आणि मग हलतो," काका म्हणाले.

लॅपटॉप २०१४ चा, रॅम (चालू कामांची तात्पुरती मेमरी) ४ जीबी. ब्राउझरमध्ये तेवीस टॅब उघडे होते.

"काका, वाचून झालेले टॅब बंद का नाही करत तुम्ही?"

"परत सापडत नाही गं ते. उघडं असलं की डोळ्यासमोर राहतं."

ब्राउझर मेमरी खातो, हे आता शाळकरी पोरंही सांगतात. ते खोटं नाही, पण लॅपटॉप मंद का झाला याचं ते उत्तरही नव्हे. रिकामी रॅम कुणाच्याच कामाची नसते. ऑपरेटिंग सिस्टीम स्वतःहून नुकत्याच वापरलेल्या फायली तिथे ठेवते आणि जागा लागली की त्या काढून टाकते. म्हणून 'मेमरी ८० टक्के वापरात' एवढ्यावरून आजार ठरत नाही. एकाच वेळी हाताशी लागणारं सामान रॅममध्ये मावेनासं झालं, की दुखणं सुरू होतं.

रॅम म्हणजे स्वयंपाकाचा ओटा आणि हार्ड डिस्क म्हणजे माळा, असं धरू. ओटा भरला की सिस्टीम कमी लागणारे डबे माळ्यावर टाकते आणि लागतील तेव्हा उतरवते. ही युक्ती मँचेस्टरच्या ॲटलस संगणकात १९६२ सालीच होती. अडचण आहे ती अंतराची. रॅममधून एक गोष्ट उचलायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात, तर फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कवरून तीच आणायला सुमारे १० मिलिसेकंद. म्हणजे एक लाख पट. ओट्यावरचं मीठ उचलायला एक सेकंद लागत असेल, तर माळ्यावरचं मीठ हातात पडायला जवळपास अठ्ठावीस तास!

एखादा डबा कधीमधी माळ्यावर गेला तर कळतही नाही. पण मीठ उतरवायला हळद वर टाकावी लागली आणि पुढच्याच क्षणी हळद हवी झाली, तर दिवसभर शिडीच चढत राहायची. संगणकशास्त्रात याला थ्रॅशिंग म्हणतात. अमेरिकेतल्या पीटर डेनिंग यांनी १९६८ मध्ये त्याची कारणं उलगडून दाखवली. गंमत अशी की अशा वेळी प्रोसेसर जवळजवळ रिकामा बसलेला असतो, माळ्यावरून सामान यायची वाट बघत. त्या काळच्या काही सिस्टीम प्रोसेसर रिकामा दिसला की त्याला आणखी एक काम देत, आणि घोळ वाढत जाई. काकांचा नंदादीप म्हणजे हीच शिडीवरची चढ-उतर. विंडोजच्या रिसोर्स मॉनिटरमध्ये मेमरीच्या पानावर 'हार्ड फॉल्ट्स' नावाचा, म्हणजे माळ्याच्या फेऱ्या मोजणारा आलेख असतो. तो सतत उंच राहिला आणि लॅपटॉपही अडखळत असला, तर रॅम पुरत नाही असं समजावं. टक्क्यांपेक्षा हा आलेख मला जास्त खरा वाटतो.

मग ब्राउझरलाच एवढा ओटा कशाला लागतो? पूर्वी बहुतेक ब्राउझरमध्ये सगळे टॅब एकाच प्रोसेसमध्ये (चालू प्रोग्रामला मिळणाऱ्या स्वतंत्र कप्प्यात), म्हणजे एकाच खोलीत असत. जागा कमी लागे, पण एक पान कोसळलं की बाकीची सगळी त्याच्याबरोबर जात. सप्टेंबर २००८ मध्ये क्रोम आला तो वेगवेगळ्या खोल्या घेऊनच. प्रत्येक खोलीला स्वतःच्या भिंती आणि स्वतःचं सामान आलं, तशी मेमरीही जास्त लागू लागली. जानेवारी २०१८ मध्ये स्पेक्टर हा प्रोसेसरमधला दोष जगासमोर आला. एकाच प्रोसेसमध्ये राहणारी एक वेबसाइट दुसरीची माहिती चोरून वाचू शकेल, अशी भीती त्यामुळे उभी राहिली. त्याच वर्षी क्रोमने संगणकावर प्रत्येक साइटला स्वतंत्र प्रोसेस देणं सुरू केलं आणि त्यासाठी १० ते १३ टक्के मेमरी जास्त लागेल हेही सांगून टाकलं. फायरफॉक्स २०२१ मध्ये त्याच वाटेने गेला. आता एका बातमीच्या पानात तीन परक्या ठिकाणच्या जाहिराती असल्या, तर त्यांनाही वेगळ्या खोल्या मिळू शकतात. तुमच्या बँकेचं पान आणि कुठली तरी जाहिरात यांच्यामध्ये भिंत हवी असेल, तर विटांचे पैसे द्यावेच लागतात. ही वाढ मला खटकत नाही.

खटकलं ते वेगळंच. ब्राउझरला स्वतःचा टास्क मॅनेजर असतो. क्रोम आणि एजमध्ये शिफ्ट धरून एस्केप दाबलं की तो उघडतो, फायरफॉक्समध्ये मेनूतल्या 'मोअर टूल्स'मध्ये मिळतो. प्रत्येक टॅब आणि प्रत्येक एक्स्टेन्शन (ब्राउझरला वरून जोडलेली छोटी सोय) किती मेमरी घेतंय, हे तिथे नावानिशी दिसतं. आम्ही लॅपटॉप नव्याने सुरू केला, मोजके टॅब उघडले आणि मेमरीच्या रकान्यावर टिचकी मारून यादी उतरत्या क्रमाने लावली. काकांना हा रकाना फारच आवडला. खातेवही उघडल्यासारखे ते चश्मा सावरून बसले आणि पाठकोऱ्या कागदावर आकडे उतरवू लागले.

शेअर बाजाराचे भाव दाखवणाऱ्या एका पानाशी ९.३० वाजता १८० एमबी होते. काकूंनी चहा आणला तोवर २६०. दहा वाजता ३५०. त्या टॅबला कुणी हातही लावला नव्हता. बातम्यांचं पान मात्र १४०, १९०, १५०, २०० असं खाली-वर होत होतं.

हा फरक महत्त्वाचा आहे. वेबपानं जावास्क्रिप्टवर चालतात आणि त्या भाषेत वापरून झालेली मेमरी प्रोग्रामरने स्वतः परत करायची नसते. ते काम झाडूवाल्याचं, म्हणजे नको झालेली मेमरी आपोआप मोकळी करणाऱ्या यंत्रणेचं. जॉन मॅकार्थी यांनी लिस्प या भाषेसाठी १९६० च्या सुमारास ही कल्पना मांडली. झाडूवाला काय करतो, तर पानाच्या मुख्य दोऱ्यांना धरून निघतो आणि जिथवर पोहोचता येतं ते सगळं 'वापरात' मानतो. कुठल्याच दोऱ्याला न बांधलेलं जे उरेल, तो कचरा. तो अधूनमधून येत असल्याने आलेख करवतीच्या दातांसारखा दिसतो, वर चढतो आणि पुन्हा खाली येतो. बातम्यांचं पान निरोगी होतं ते असं.

भावांच्या पानाचं उलट होतं. दर काही सेकंदांनी नवा भाव यायचा, पडद्यावरचा जुना पुसला जायचा, पण बहुधा पानाच्या पोटातल्या कुठल्याशा यादीत तो तसाच बांधलेला राहायचा. झाडूवाला येतो, दोरा बघतो आणि 'हे कुणाला तरी हवंय' असं समजून निघून जातो. दोरा सोडायला विसरलेला असतो पान लिहिणारा माणूस, त्यामुळे यात ब्राउझरलाही फारसं काही करता येत नाही. यालाच मेमरी लीक म्हणतात. आलेख करवतीच्या दातांऐवजी जिन्यासारखा चढत जातो आणि पान पुन्हा लोड केलं की एकदम तळाला येतो. आम्ही केलं. १७५!

"म्हणजे हा आठ दिवस उघडा होता..." काका पुटपुटले आणि कागदावर गुणाकार करू लागले.

बाकीचं पटकन सांगते. लग्नाच्या अल्बमचा एक टॅब होता. फोनवर काढलेला ४००० गुणिले ३००० ठिपक्यांचा फोटो फाइल म्हणून तीन-चार एमबीचा असतो, पण पूर्ण आकारात उलगडायचा तर प्रत्येक ठिपक्याला ४ बाइट, म्हणजे ४८ एमबी. तीन एक्स्टेन्शनं अशी निघाली की ती कुणी घातली हे घरात कुणालाच सांगता येईना. ती काढली. जाहिराती अडवणारं एक होतं, ते ठेवलं. ते स्वतः थोडी मेमरी घेतं, पण जाहिरातींनी लगडलेल्या पानांवर त्याहून जास्त वाचवतं. न वापरलेले टॅब झोपवणारी सोय चालू केली. क्रोममध्ये ती मेमरी सेव्हर नावाने डिसेंबर २०२२ पासून येऊ लागली, एजमध्ये तिला स्लीपिंग टॅब्स म्हणतात. टॅब वर तसाच दिसत राहतो आणि टिचकी मारली की जागा होतो, त्यामुळे काकांचं 'डोळ्यासमोर' शाबूत राहिलं.

'रॅम साफ करा' म्हणणारं एक फुकट सॉफ्टवेअरही होतं. ते मी काकांना न विचारता काढलं. असली सॉफ्टवेअरं बहुतेक वेळा चालू प्रोग्रामांचं सामान ओट्यावरून ढकलून देतात. आकडा झर्रकन खाली येतो, बघणाऱ्याला बरं वाटतं आणि पुढच्याच मिनिटाला ते सामान परत गोळा करावं लागतं.

खर्चाचा विषय निघालाच. रॅम ८ जीबी केली तर मूळ कारणावरच इलाज होतो. हार्ड डिस्क काढून एसएसडी (फिरती तबकडी नसलेली, चिपवर साठवणारी डिस्क) बसवली तर माळा राहतो, पण अठ्ठावीस तासांची चढण काही मिनिटांवर येते. दुकानात जाण्याआधी मात्र पाहून घ्यावं. त्या काळातल्या बऱ्याच लॅपटॉपना १.३५ व्होल्टची डीडीआर३एल रॅम लागते, १.५ व्होल्टची साधी डीडीआर३ चालेलच असं नाही. काहींत रॅम बोर्डावरच डाग देऊन पक्की केलेली असते. आणि विंडोज ३२ बिटची असेल तर ४ जीबीच्या वर घातलेली रॅम तिला वापरताच येत नाही. काकांनी हे सगळं कागदाच्या दुसऱ्या बाजूला लिहून घेतलं, खाली रेघ मारली आणि म्हणाले, "आधी महिनाभर असंच बघू."

भावांचं पान रोज चहाच्या वेळी एकदा लोड करायचं, एवढाच नेम वाढला. गेल्या रविवारी सकाळी सकाळी त्यांचा फोन आला. आवाजात काळजी होती.

"अगं, तो नंदादीप विझलाय. बंद पडला का गं हा?"