लांब केसांची निगा व बांधणी (खानदेश)

कमरेपर्यंत किंवा त्याहून खाली वाढलेले केस न तुटता राखण्याची व कामात अडथळा न येईल असे बांधण्याची रीत. जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांत तिला तापी खोऱ्याचा कोरडा उन्हाळा, विहिरींचे व कूपनलिकांचे क्षारयुक्त पाणी आणि शेतातले काम यांनी वळण दिले आहे.

केस महिन्याला साधारण 1 ते 1.25 सेंमी. वाढतो आणि त्याचा वाढीचा काळ बहुधा 2 ते 6 वर्षांचा असतो. हा काळ मुख्यतः आनुवंशिकतेने ठरत असल्यामुळे गुडघ्यापर्यंतचे केस कोणत्याही तेलाने हमखास मिळत नाहीत. पाऊण मीटर लांब केसाचे टोक पाच-सहा वर्षांचे जुने असते; तेवढी वर्षे त्याने ऊन, धूळ, फणी आणि पदराचे घर्षण सोसलेले असते. त्वचेबाहेर आलेला केस म्हणजे केराटिन या प्रथिनाचा निर्जीव तंतू. त्याची झीज भरून येत नाही, ती केवळ लांबवता येते. म्हणून लांब केसांची निगा ही प्रामुख्याने टोकांची निगा होय. टोके छाटल्याने वाढीचा वेग बदलत नाही, मात्र फुटलेला फाटा वर चढत जाणे थांबते.

न्हाण्यासाठी शिकेकाई व रिठा यांचा वापर जुना आहे. शिकेकाईच्या शेंगा कुटून त्यात नागरमोथा, गव्हला कचोरा, वाळलेला आवळा आणि मेथीदाणे घालतात, व ती पूड रात्रभर भिजवून किंवा उकळून गाळून घेतात. गाळणे महत्त्वाचे, कारण राहिलेला चोथा लांब केसांत अडकतो आणि तो काढताना केस तुटतात. खानदेशात या रीतीला पाण्यामुळे विशेष अर्थ आहे. दुष्फेन पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार असतात. त्यांच्याशी साबणाचा संयोग होऊन चिकट साका केसांवर बसतो आणि केस राठ, गुंतणारे होतात. शिकेकाईचे पाणी सौम्य आम्लधर्मी असते व त्याचा असा साका बसत नाही. शाम्पूतही हा दोष फारसा नसतो, पण तो केवळ टाळूला लावावा; टोके वाहत्या फेसाने पुरेशी धुतली जातात. ओला केस अधिक ताणला जातो व लवकर तुटतो, त्यामुळे न्हाल्यावर खसखसून न पुसता जुन्या लुगड्याच्या मऊ धडप्यात गुंडाळून पाणी टिपून घेण्याची बायकांची सवय शास्त्रालाही धरून आहे.

शेंगदाणा व तीळ ही खानदेशात पिकणारी तेलबिये असली, तरी केसांसाठी खोबरेल अधिक उपयोगी ठरते. मुंबईतील संशोधकांच्या 2003 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात खोबरेल, सूर्यफूल तेल व खनिज तेल यांची तुलना केली असता, केसातील प्रथिनांची झीज फक्त खोबरेलाने घटल्याचे दिसले; त्यातील लॉरिक आम्लाचे लहान, सरळ रेणू केसाच्या आत शिरतात. तेल न्हाण्याआधी लावणे हिताचे असते. तेलकट केस मोकळे ठेवून उन्हाळ्यात बाहेर पडल्यास वाऱ्याबरोबरची धूळ त्यावर बसते. जवस उकळून निघणारा बुळबुळीत द्रव टोकांना गुळगुळीत ठेवतो आणि सुटलेल्या बटाही बसवतो.

विंचरणे नेहमी टोकापासून सुरू करून वर न्यावे. आधी बोटांनी, मग रुंद दातांच्या लाकडी फणीने. तिपेडी वेणी सर्वांत प्रचलित आहे. चौपेडी व पाचपेडी वेण्यांना वेळ अधिक लागतो. कापूस वेचताना वाळलेल्या पाल्याचा कचरा केसांत शिरतो आणि सुटा शेपटा पऱ्हाटीला अडकतो, म्हणून वेणीचा अंबाडा घालून वर रुमाल बांधणे हीच खरी राखण. वैशाखात आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) झोक्यावरही शेपट्यापेक्षा अंबाडा बरा, कारण दोराच्या पिळात केस सापडू शकतात. जळगाव-भुसावळकडे पारा 45 अंशांपर्यंत चढतो त्या दिवसांत डोके झाकणे केसांइतकेच टाळूसाठीही गरजेचे असते. रात्री मोकळे केस उशीवर घासतात. सैल वेणी घालून झोपावे.

बांधणी घट्ट असेल तर राखणारीच हानिकारक ठरते. कपाळ व कानशिलाजवळचे केस सतत ओढले गेल्यास तेथे विरळ होतात, आणि ताण वर्षानुवर्षे राहिला तर परत उगवत नाहीत. बंजारा स्त्रियांच्या घुगरी-टोपलीसारखे केसांना अडकवायचे चांदीचे दागिने देखणे असले तरी वजनदार असतात. त्यांचा भार एकाच बटेवर न टाकता जाड पेडावर घेणे आणि रोजच्या वापरात ते उतरवून ठेवणे इष्ट असते.

गळालेले केस विंचरून काढले नाहीत, तर ते इतरांत गुरफटून जट होते. दिवसाला 50 ते 100 केस गळणे स्वाभाविक असल्याने हे थोड्या दिवसांतच घडू शकते. जटेला देवीचा कौल मानून ती वाढू देण्याची प्रथा महाराष्ट्रात अनेक स्त्रियांना छळत आली आहे, आणि तिला कोणताही आधार नाही. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते जटा सोडवण्याचे काम करतात. कोवळी जट तेल मुरवून टोकाकडून बोटांनी सोडवता येते. घट्ट झालेली कापावी लागते, आणि त्यासरशी मानेवरचे ओझेही उतरते.