पाना तिरका ओढला तर जोर जातो कुठं?

उसाचा सीझन सुरू झाला की निपाणी-चिकोडीकडच्या रस्त्याला एखादी तरी ट्रॉली जॅकवर चढवलेली दिसतेच, चाकाशी दोघं-तिघं बसलेले, नट गंजून बसलेला, एकजण पान्यावर उभा राहून हिसके देतोय आणि दुसरा म्हणतोय पाइप घाल की मर्दा. पाइप घातला की लांबी वाढते, लांबी वाढली की नट सुटतो, हे आपल्याकडं शाळेत न गेलेल्यालापण ठाऊक आहे. पण कोनाचं काय, ते सहसा कुणी बोलत नाही.

नट फिरवायची जी ताकद असते तिला टॉर्क म्हणतात, शाळेच्या पुस्तकात बल आघूर्ण. जोर गुणिले अंतर, एवढंच सूत्र. गोची आहे ती "अंतर" म्हणजे नेमकं कुठलं यात. पान्याची लांबी नव्हे. हात ज्या दिशेला ओढतोय त्या दिशेत एक सरळ रेघ मनात काढा, पुढं-मागं हवी तेवढी लांबवा, आणि नटाच्या मधोमधपासून त्या रेघेपर्यंत काटकोनात किती अंतर पडतंय ते मोजा. ते अंतर खरं.

आता आकडे घालून बघू. ३० सेंटिमीटरचा सरळ पाना, हाताचा जोर ३०० न्यूटन, म्हणजे साधारण ३० किलो वजन उचलायला लागतो तेवढा. पान्याला बरोबर काटकोनात ओढला तर ३०० गुणिले ०.३०, म्हणजे ९० न्यूटन-मीटर. छोट्या कारचे चाकाचे नट साधारण याच्याच आसपास आवळतात. तिरकं ओढलं की काटकोनी अंतर कमी होतं, ते म्हणजे लांबी गुणिले कोनाचा साइन (त्रिकोणमितीतला). पान्याशी ६०° चा कोन केला तर साइन ६० म्हणजे ०.८६६ नं गुणायचं, ७८ उरले. ३०° केला तर सरळ निम्मे, ४५. आणि पान्याच्याच दिशेनं ओढलं तर शून्य, कितीबी घाम गाळा.

पण गंमत अशी की काटकोनापासून १५° इकडं-तिकडं झालं तर फक्त साडेतीन टक्के जातात. म्हणजे बरोबर ९०° धरायच्या नादात अडचणीत वाकून, पाठ मोडून घ्यायची काही गरज नाही, थोडं तिरकं चालतंय. खरी लूट ४५° च्या पलीकडं सुरू होते आणि मग ती झपाट्यानं वाढते.

मग उरलेला जोर जातो कुठं? नाहीसा होत नाही तो. पान्याच्या लांबीच्या दिशेनं जातो, एकतर नटाकडं ढकलतो नाहीतर नटापासून बाहेर ओढतो, फिरवत काहीच नाही. बाहेर ओढणारा भाग जास्त झाला आणि पान्याचं तोंड झिजलेलं असलं की पाना सटकतो आणि बोटाची सालं निघतात.

पान्यावर उभं राहणाऱ्यांचंपण असंच. ६० किलोच्या माणसाचं वजन जवळपास ५९० न्यूटन, ते कायम सरळ खालीच लागणार, त्यामुळं तोच ३० सेंटिमीटरचा पाना आडवा असला तरच पूर्ण १७७ न्यूटन-मीटर मिळतात. पाना ४५° खाली गेला की १२५ वर येतो. म्हणून नेहमीच्या आट्याचा (घड्याळाच्या उलट फिरवला की सुटणारा) नट सोडवताना पाना डावीकडं, आडव्यापेक्षा जरासा वर धरून बसवायचा, म्हणजे हलायला लागला की आडव्यातूनच जातो.

वाकड्या पान्याला मात्र साइनचा कोन कुठून मोजायचा यात भलेभले फसतात. दांडा कसाबी वाकू दे, नटापासून हातापर्यंतची सरळ रेघ धरायची. किंवा त्याहून सोपं, जोराचे दोन तुकडे करायचे, आडवा आणि उभा, दोघांचा टॉर्क वेगळा काढून बेरीज करायची. पिएर व्हारिन्यॉं नावाच्या फ्रेंच गणितज्ञानं सतराव्या शतकात हे मांडलं, आणि इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला अजून त्याच्याच नावानं शिकवतात. समजा हात नटापासून आडवा ३० सेंटिमीटर लांब आणि १० सेंटिमीटर वर आहे. जोर २०० न्यूटन, आडव्याशी ६०° करून खाली. उभा तुकडा १७३, आडवा १००. उभ्याचा टॉर्क १७३×०.३०, म्हणजे ५२. आडव्याचा १००×०.१०, म्हणजे १०. आता हा १० मिळवायचा की वजा करायचा? खाली ओढताना हात नटाकडं झुकला तर आडवा तुकडा उलटं फिरवतो, ५२ वजा १०, ४२ राहिले. बाहेरच्या बाजूला झुकला तर ५२ अधिक १०, म्हणजे ६२. जोर तोच, आडव्याशी कोन तोच, आणि फरक २० चा! आणि एकदम सरळ खाली ओढलं असतं तर ६०, म्हणजे इथं बाहेरच्या बाजूला तिरकं ओढणंच थोडं जास्त फायद्याचं.

बेळगावात उद्यमबाग या कारखान्यांच्या वसाहतीतल्या शॉपवर टॉर्क रेंच (ठरवलेला टॉर्क भरला की क्लिक होणारा पाना) वापरणाऱ्यांना हा हिशोब रोजच्या कामाचा. अडचणीतल्या बोल्टला रेंचच्या पुढं जोडतोंड, म्हणजे पान्याचं वेगळं छोटं तोंड, लावतात. रेंच हँडलपासून तोंडापर्यंत ४० सेंटिमीटर, जोडतोंड ५ सेंटिमीटरचं, सरळ रेषेत लावलं की अंतर ४५ होतं, मग रेंचवर ८० लावून क्लिक झालं तरी बोल्टवर ९० पडलेले असतात. तेच जोडतोंड हँडलला काटकोनात लावलं तर काटकोनी अंतर ४० चं ४०च राहतं, लावलं तेवढंच पडतं. पुढच्या बाजूला तिरकं लावलं तर मधलं काहीतरी, ते कोन मोजून काढायला लागतं, म्हणून जागा असेल तर काटकोनातच लावा की.