नदी उजव्या हाताला

नर्मदा परिक्रमेत ठरलेली गोष्ट एकच: नदी कायम उजव्या हाताला हवी आणि पात्र कुठेही ओलांडायचे नाही. बाकी वाट ज्याची त्याने शोधायची. अमरकंटकपासून खंभातच्या आखातापर्यंत नर्मदा १,३१२ किलोमीटर वाहते. दोन्ही काठ चालायचे तर अडीच हजारांवर किलोमीटर होतात. मुखाशी आल्यावरही नियम सुटत नाही. विमलेश्वरहून नावेने समुद्रातून वळसा घालून पलीकडे मीठी तलाईला उतरायचे, आणि नाव सुटणार ती भरती पाहूनच.

स्कंदपुराणातल्या रेवाखंडात या काठच्या तीर्थांची वर्णने आहेत. मार्कंडेय ऋषींनी तर उपनद्यासुद्धा न ओलांडता, प्रत्येकीच्या उगमाला वळसा घालून परिक्रमा केली, अशी कथा सांगतात. परंपरेने मुदत तीन वर्षे, तीन महिने, तेरा दिवस. चातुर्मासात मुक्काम एकाच जागी. इतके दिवस खायचे काय? याचे उत्तर काठच्या गावांनी दिले: परिक्रमावासीला सदावर्त, म्हणजे कोरडा शिधा. महेश्वरला राजधानी केलेल्या अहिल्याबाई होळकरांनी घाट बांधले, अन्नछत्रे चालवली. मराठी माणसाचा ओढा वाढण्यामागे दत्तसंप्रदायही आहे. सिंधुदुर्गातल्या माणगावचे वासुदेवानंद सरस्वती, म्हणजे टेंबे स्वामी, यांची समाधी १९१४ मध्ये गरुडेश्वरी झाली, ती नर्मदेकाठीच.

सर्वांत धास्तीचा टप्पा शूलपाणीची झाडी. तिथे सामान लुटले जाई, अंगावर लंगोटी तेवढी उरे, अशा हकिगती जुने परिक्रमावासी सांगत. लुटणाऱ्या भिल्लांना ‘मामा’ म्हणायचे, आणि लुटले जाण्याला मैयाची इच्छा. पण पुढे घरे गेली ती याच मामांची.

१९९०च्या सुमारास जबलपूरजवळ नर्मदेवरच्या बरगी धरणाचा जलाशय भरला. २००४ मध्ये इंदिरा सागर धरणाच्या पाण्यासाठी हरसूद हे अख्खे गाव उठले. सरदार सरोवराची कोनशिला १९६१ मध्ये पंडित नेहरूंनी बसवली. त्याची भिंत वाढत वाढत १३८.६८ मीटरवर गेली आणि लोकार्पण झाले २०१७ मध्ये. महाराष्ट्रातली ३३ गावे या धरणाच्या बुडीत क्षेत्रात आली, सगळी सातपुड्यातली, आताच्या नंदुरबार जिल्ह्यातली. मणिबेलीचे शूलपाणेश्वराचे जुने देऊळही पाण्याखाली गेले. नवे देऊळ गोऱ्याला बांधले आहे.

काठाची पायवाटच बुडाल्यावर परिक्रमा दूर सरकली. दक्षिण तटावरचे बरेच जण आता बडवानीहून खेतिया, शहादामार्गे प्रकाशाला येतात. प्रकाशा तापीकाठी आहे! नर्मदेला निघालेला माणूस संध्याकाळी तापीत हातपाय धुतो. धडगावकडून डोंगरातून जाणारेही आहेत, पण थोडे.

वेळ नसलेल्यांसाठी चैत्रातली उत्तरवाहिनी, म्हणजे नदी उत्तरेकडे वाहते तेवढ्याच टप्प्याची परिक्रमा: गुजरातमध्ये रामपुरा ते तिलकवाडा आणि परत, जेमतेम २१ किलोमीटर. गर्दी तिथे उसळते. आणि तिच्यात नदी चक्क होडीने ओलांडतात.