राणी मुंगीची जात ओळखणे (मुंगीपालन)

छंद म्हणून मुंग्या पाळण्यासाठी सापडलेली एकटी राणी कोणत्या जातीची आहे हे तिच्या शरीररचनेवरून, सापडल्याच्या जागेवरून आणि काळावरून ठरवणे. या नोंदीत ‘प्रजाती’ म्हणजे शास्त्रीय नावातला पहिला शब्द (उदा. कॅम्पोनोटस) आणि ‘जाती’ म्हणजे दोन्ही शब्द मिळून होणारे नाव (कॅम्पोनोटस कॉम्प्रेसस, म्हणजे आपला काळा डोंगळा). हा फरक सुरुवातीलाच सांगायला हवा, कारण एकट्या राणीवरून प्रजाती बहुतेक वेळा सांगता येते, जाती मात्र पुष्कळदा सांगता येत नाही.

महाराष्ट्रात पावसाळ्याच्या सुरुवातीच्या सरींनंतर अनेक जातींचे पंख असलेले नर आणि भावी राण्या घरट्यांतून बाहेर पडतात. मीलन झाल्यावर नर थोड्याच काळात मरतात. राणी जमिनीवर उतरते, स्वतःचे पंख पाडते आणि आडोसा शोधत फिरू लागते. पाळणाऱ्याच्या हाती ती बहुधा याच वेळी लागते. मुंगीला पंख फुटले की तिचा अंत जवळ आला असे आपल्याकडे म्हणतात. नरांबाबत ते खरे आहे, पण जगली-वाचली तर राणीचे खरे आयुष्य तिथूनच सुरू होते. युरोपातील लेसियस नायजर या जातीची एक राणी बंदिवासात २८ वर्षांहून अधिक जगल्याची नोंद आहे.

आधी ती राणीच आहे का हे पाहावे. उडण्याचे स्नायू सामावण्यासाठी राणीचा वक्ष फुगीर असतो, त्याच्या बाजूंना गळलेल्या पंखांचे खुंट किंवा व्रण दिसतात आणि डोक्यावर तीन साधे डोळे असतात. नराचे डोके लहान आणि डोळे त्या मानाने मोठे असतात. दिव्यावर येणाऱ्या वाळवीचे चारही पंख सारख्या लांबीचे, शृंगिका (डोक्यावरच्या मिशा) सरळ व मण्यांच्या माळेसारख्या आणि कंबर नसल्यासारखी असते. मुंगीची शृंगिका कोपरात वाकलेली असते आणि पुढचे पंख मागच्यांपेक्षा मोठे असतात. डोरायलस या प्रजातीचा नर चांगला जाडजूड, तपकिरी असतो आणि दिव्यावर येतो. आकारामुळे नवशिके त्याला राणी समजतात. या प्रजातीच्या राणीला पंखच नसतात. डायाकॅमा या प्रजातीत तर राणी हा प्रकारच नाही, तिथे मीलन झालेली एक कामकरी अंडी घालते. अशा मुंग्यांत राणी शोधणे व्यर्थ आहे.

प्रजाती ठरवताना नजर प्रथम कंबरेवर जावी. वक्ष आणि फुगीर उदर यांच्यामध्ये एकच गाठ असेल तर डोंगळे, ओंबील आणि त्यांच्या उपकुलाकडे (उपकुल म्हणजे जवळच्या प्रजातींचा मोठा गट), किंवा पोनेरिनी व डोलिकोडेरिनी या उपकुलांकडे वळावे. दोन गाठी असतील तर बहुधा मिर्मिसिनी, म्हणजे फायडोल, सोलेनॉप्सिस, क्रेमॅटोगॅस्टर, मोनोमोरियम यांचा गोतावळा. एक गाठ असलेल्यांत उदराचे टोक भिंगाखाली पाहावे. डोंगळ्यांच्या उपकुलात तिथे बारीक केसांनी वेढलेले गोल छिद्र असते व त्यातून आम्ल फवारले जाते, पोनेरिनींना नांगी असते. क्रेमॅटोगॅस्टरमध्ये दुसरी गाठ उदराच्या पुढच्या टोकाला नव्हे, वरच्या बाजूला जोडलेली असते. ही खूण एकदा पाहिली की विसरत नाही. कॅम्पोनोटसमध्ये शृंगिकांची मुळे तोंडावरच्या पट्टिकेच्या कडेपासून दूर असतात आणि शृंगिकेचे भाग बारा असतात. पिवळ्या, लांब पायांच्या ॲनोप्लोलेपिसमध्ये ते अकरा असतात. आंब्याच्या झाडावर पाने शिवून घरटे करणाऱ्या ओंबीलची राणी हिरवट असते. स्मॅराग्डिना, म्हणजे पाचूसारखी, हे तिचे नाव त्या रंगाशी जुळते. एरवी रंगावर विसंबू नये. त्याच जातीत तो फिका-गडद होतो आणि वेगवेगळ्या जातींत सारखा असतो.

जातीपाशी मात्र अडचण येते आणि ती पाळणाऱ्याच्या अज्ञानातून आलेली नसते. रॉबर्ट रॉटन या मुंबई इलाख्यातील वनाधिकाऱ्यांनी १८९२ मध्ये मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेच्या नियतकालिकात इथल्या मुंग्यांवर लिहिले. १९०३ मध्ये चार्ल्स बिंगहॅम यांचा ब्रिटिश हिंदुस्थानातील मुंग्यांवरचा खंड आला. तेव्हापासून आजवरच्या ओळखतक्त्यांचा पाया मुख्यतः कामकरी मुंग्या हाच राहिला. भारतातून आठशेहून अधिक जाती व उपजाती नोंदल्या गेल्या आहेत, आणि त्यांतल्या कित्येकींच्या राणीचे नीट वर्णनही नाही. शिवाय कामकरीची जात ज्यावर ठरते त्या वक्षाच्या कमानी आणि काटे राणीत बदललेले असतात. पॉलिरॅकिस या प्रजातीच्या कामकरीचे ठसठशीत काटे राणीत बहुधा आखूड असतात. म्हणून ‘कॅम्पोनोटस, जात अनिश्चित’ हे प्रामाणिक आणि पुरेसे उत्तर आहे. अंदाजाने जातीचे नाव चिकटवले तर ती चूक पुढे हातोहात पसरते.

पाळण्यासाठी प्रजाती कळली की मोठे काम होते. कॅम्पोनोटसची राणी पहिली पिल्ले वाढेपर्यंत काही खात नाही, स्वतःच्या चरबीवर आणि निकामी झालेल्या पंखस्नायूंवर निभावते. कापसामागे पाणी अडवलेल्या परीक्षानळीत, अंधारात, तिला न हलवता ठेवावे. उडी मारणाऱ्या हार्पेग्नॅथसच्या राणीला मात्र या काळातही शिकार लागते. तिला डोंगळ्याच्या राणीप्रमाणे उपाशी ठेवले तर ती मरेल, आणि ती चूक पूर्णपणे टाळण्यासारखी आहे.

ओळखीसाठी डोके समोरून, शरीर बाजूने आणि वरून असे तीन फोटो घ्यावेत. मुंग्यांच्या छायाचित्रांचा अँटवेब हा आंतरराष्ट्रीय संग्रह याच तीन बाजूंवर उभा आहे. शेजारी मिलिमीटरची पट्टी हवी. गाव, तारीख, वेळ आणि पाऊस केव्हा पडला हे नळीवर लगेच लिहावे, आठवणीवर सोडू नये. पहिल्या कामकरी निघाल्यावर पुन्हा तपासावे, पण त्या नेहमीपेक्षा लहान असतात आणि मोठ्या डोक्याच्या कामकरी अजून आलेल्या नसतात, त्यामुळे तक्त्यातली मापे त्यांना लागू पडत नाहीत. वसाहत मोठी झाल्यावर आपोआप मेलेल्या दोन-चार कामकरी अल्कोहोलमध्ये जपून अभ्यासकाकडे द्याव्यात. राणीला हात न लावता जातीचे नाव मिळवण्याचा तो सर्वांत खात्रीचा मार्ग आहे.