एकवीस पत्त्यांची जादू

पत्त्यांच्या कॅटातील कोणतेही २१ पत्ते तीनदा वाटून आणि तीनदा गोळा करून प्रेक्षकाने मनात धरलेला पत्ता ओळखण्याचा गणिती खेळ. त्यात हातचलाखी नसते, पत्त्यांवर खुणा नसतात आणि पत्ते आधीपासून लावूनही ठेवावे लागत नाहीत. गोळा करण्याचा ठरलेला क्रम पाळला की धरलेला पत्ता आपोआप गड्डीच्या बरोबर मध्यावर, म्हणजे अकराव्या जागी येतो. हाताला सराव नसलेल्या शिकाऊ जादूगाराला म्हणूनच हा खेळ सोयीचा वाटतो.

प्रथम २१ पत्ते मोजून घ्यावेत आणि प्रेक्षकाला हवे तितके पिसू द्यावेत. मग पालथ्या गड्डीच्या वरून एकेक पत्ता घेऊन तो उघडा मांडत तीन उभ्या रांगा कराव्यात : पहिला पत्ता पहिल्या रांगेत, दुसरा दुसऱ्या, तिसरा तिसऱ्या, चौथा पुन्हा पहिल्या रांगेत, याप्रमाणे. पत्ते एकमेकांवर थोडे चढवावेत, पण प्रत्येकाचे चिन्ह आणि आकडा दिसत राहिला पाहिजे. प्रेक्षकाने कोणताही एक पत्ता मनात धरून तो कोणत्या रांगेत आहे एवढेच सांगायचे असते. त्यानंतर प्रत्येक रांग तिच्यातला क्रम न मोडता गोळा करून सांगितलेली रांग उरलेल्या दोन रांगांच्या मधोमध घालावी आणि गड्डी पालथी करावी. उरलेल्या दोहोंपैकी कोणती वर आणि कोणती खाली जाते, याने काहीच बिघडत नाही. हीच कृती आणखी दोनदा केल्यावर वरून अकरावा पत्ता प्रेक्षकाचा असतो.

असे का होते, हे एखाद्या पत्त्याचा माग काढला की लगेच उमगते. समजा, बदाम राणी पहिल्या वाटपात आपल्या रांगेच्या अगदी शेवटी, सातव्या जागी आहे. तिच्या रांगेच्या वर दुसऱ्या रांगेचे सात पत्ते आल्यामुळे गड्डीत ती चौदावी होते. पुढच्या वाटपात दर तीन पत्त्यांमागे रांगेतील एक जागा भरते, म्हणून चौदावा पत्ता आपल्या रांगेत पाचवा पडतो. त्यावर पुन्हा सात पत्ते आले की राणी बारावी होते, तिसऱ्या वाटपात रांगेतील चौथी जागा घेते आणि शेवटच्या गोळाबेरजेत सात अधिक चार मिळून अकरावी ठरते. तीच राणी सुरुवातीला रांगेच्या आरंभी असती, तर तिच्या जागा अनुक्रमे आठ, दहा आणि अकरा झाल्या असत्या. मधल्या पाच जागांवरून निघालेले पत्ते या दोन टोकांच्या आतच राहतात. प्रत्येक फेरीत तीनने भागून अपूर्णांक वरच्या पूर्णांकाकडे न्यायचा आणि त्यात सात मिळवायचे, एवढाच हिशेब सगळ्या खेळामागे आहे.

प्रेक्षकाच्या उत्तरांकडे पाहूनही हेच समजते. पहिल्या उत्तराने २१ पैकी सातच पत्ते संशयित उरतात. ते सात दुसऱ्या वाटपात तीन रांगांत विखुरतात, त्यामुळे दुसऱ्या उत्तरानंतर दोन किंवा तीन उरतात आणि तिसऱ्या वाटपात तेही वेगवेगळ्या रांगांत गेल्याने तिसरे उत्तर नेमका पत्ता दाखवते. यासाठी पत्ते एकेक करून वाटणे अपरिहार्य आहे. सात-सात पत्ते एकदम मांडले, तर संशयितांचा तोच गट पुन्हा एकाच रांगेत येतो आणि प्रेक्षकाच्या उत्तरातून नवे काही कळत नाही.

पत्त्यांची संख्या २१ च असली पाहिजे असे नाही. १५ पत्त्यांत पत्ता आठव्या आणि २७ पत्त्यांत चौदाव्या जागी येतो. मात्र रांगेतील पत्त्यांची संख्या विषम हवी. २४ पत्त्यांच्या आठ-आठच्या रांगांना मधला पत्ताच नसतो, त्यामुळे धरलेला पत्ता कधी बाराव्या, तर कधी तेराव्या जागी स्थिरावतो आणि कितीही फेऱ्या केल्या तरी सगळ्या पत्त्यांसाठी एकच जागा ठरत नाही. तीन उत्तरांतून तीन गुणिले तीन गुणिले तीन, म्हणजे फार तर २७ पत्ते वेगळे करता येतात, म्हणून ३३ पत्त्यांसाठी चौथी फेरी लागते.

गणित इतके निर्धोक असूनही हा खेळ पुष्कळदा रंगत नाही. याचे कारण संथपणा : तीन फेऱ्यांत ६३ वेळा पत्ता मांडला जातो आणि शेवटी करणारा तोंडाने अकरापर्यंत मोजू लागला की चाणाक्ष प्रेक्षकाला मर्म उमजते. हे मोजणे टाळण्याची युक्ती खेळातच दडलेली आहे. तिसऱ्या वाटपात धरलेला पत्ता आपल्या रांगेत चौथाच असतो, म्हणजे दहावा, अकरावा आणि बारावा मांडलेला पत्ता, या तिघांपैकी तो एक असणार. हे तीन पत्ते मांडतानाच लक्षात ठेवावेत. प्रेक्षकाने रांग सांगताच पत्ता कळलेला असतो आणि मग गोळा करण्याचा क्रम पाळण्याचीही गरज उरत नाही. गड्डी त्याच्याच हाती देऊन मनसोक्त पिसायला सांगावे आणि नंतर उघड्या पसरलेल्या पत्त्यांवरून बोट फिरवत नेमक्या पत्त्यावर थांबावे. पिसलेल्या गड्डीतून पत्ता निघाला की आधीच्या वाटपांचा विचारही प्रेक्षकाच्या मनात येत नाही. प्रस्तुत खेळाच्या सर्व शेवटांत हाच सरस म्हणावा लागेल.

तीन ढिगांचा हा खेळ जुना असून फ्रेंच गणितज्ञ क्लोद-गास्पार बाशे यांनी सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात त्याची दखल घेतली होती. त्याचे व्यापक विवेचन जोसेफ जेर्गॉन (१७७१–१८५९) यांनी स्वतः १८१० मध्ये सुरू केलेल्या गणितविषयक नियतकालिकात १८१३–१४ च्या सुमारास केले आणि तेव्हापासून ढिगांचा हा प्रश्न त्यांच्या नावाने ओळखला जातो. सांगितलेला ढीग दर वेळी मध्येच घालण्याऐवजी वर, मध्ये किंवा खाली घातला, तर २७ पत्त्यांच्या गड्डीत धरलेला पत्ता हव्या त्या जागी नेता येतो. वर ठेवण्याला ०, मध्ये ठेवण्याला १ आणि खाली ठेवण्याला २ असे अंक द्यावेत. पहिल्या फेरीचा अंक तसाच, दुसऱ्याचा तिप्पट आणि तिसऱ्याचा नऊपट घेऊन येणारी बेरीज म्हणजे अखेरीस धरलेल्या पत्त्याच्या वर असणारे पत्ते.

‘पुन्हा करून दाखवा’ असा आग्रह झाला, तर तीच कृती न करता हा प्रकार करावा आणि सुरुवातीलाच प्रेक्षकाला १ ते २७ पैकी एक संख्या निवडायला सांगावी. त्याने २० म्हटले, तर पत्त्यावर १९ पत्ते हवेत. १९ म्हणजे १ अधिक शून्य अधिक १८, म्हणून ढीग प्रथम मध्ये, मग वर आणि शेवटी खाली घालावा. विसावा पत्ता उलटण्याचे काम प्रेक्षकाकडेच सोपवावे.