पार्श्वभूमी : ‘जेनेरिक’ म्हणजे नेमकी कोणती गोळी?

ऑगस्ट २०२३मध्ये देशातल्या डॉक्टरांसाठी एक नियमावली निघाली. चिठ्ठीवर ब्रँड नको, औषधाचं जेनेरिक नाव, म्हणजे त्यातल्या रसायनाचं नाव लिहा, वारंवार चुकलात तर परवाना काही काळ निलंबित होऊ शकेल, असं तिच्यात होतं. तीन आठवड्यांत तिला स्थगिती मिळाली. डॉक्टरांचं म्हणणं असं, की आम्ही नुसतं रसायनाचं नाव लिहिलं तर गोळी कोणाची द्यायची हे काउंटरवर ठरणार, आणि जिच्यात मार्जिन जास्त तीच दिली जाणार. या बोलण्यामागे एमआरशी, म्हणजे कंपन्यांचा माल घेऊन डॉक्टरांकडे फिरणाऱ्या प्रतिनिधींशी, असलेले लागेबांधे शोधणारे शोधतीलच. पण आक्षेप अगदीच पोकळ नव्हता, आणि त्याचं मूळ आपला औषध उद्योग कसा उभा राहिला त्यात आहे.

त्यातलं कळीचं वर्ष १९७०. त्याआधी ब्रिटिशांचा १९११चा पेटंट कायदा चालू होता आणि बाजारावर परदेशी कंपन्यांची पकड होती. पिंपरीत सरकारी पेनिसिलिन निघत होतं, काही देशी कंपन्या होत्या, पण त्यांचा आवाज लहान होता. १९७०च्या कायद्याने औषधाच्या रेणूवरचं, म्हणजे खुद्द रसायनावरचं पेटंटच काढून टाकलं. पेटंट उरलं ते फक्त बनवण्याच्या पद्धतीवर, तेही जास्तीत जास्त सात वर्षं. तोच रेणू दुसऱ्या वाटेने बनवा आणि खुशाल विका. या दुसऱ्या वाटा शोधण्यात रसायनशास्त्रज्ञांची एक अख्खी पिढी तयार झाली. आज औषध उत्पादनाच्या आकारमानात भारत जगात तिसरा मानला जातो तो या पिढीच्या जिवावर. (किमतीत मोजलं तर आपण पहिल्या दहाच्याही खाली घसरतो, हे भाषणांत सहसा येत नाही.) २००१मध्ये मुंबईच्या एका कंपनीने एचआयव्हीची तीन औषधं मिळून वर्षाला ३५० डॉलरला देऊ केली. तेव्हा पाश्चात्त्य बाजारात तोच उपचार दहा हजार डॉलरच्या पुढे होता.

मात्र याच कायद्यामुळे ‘जेनेरिक’ या शब्दाचा आपल्याकडे गुंता झाला. अमेरिकेत या शब्दाला एक ठरलेला अर्थ आहे : मूळ औषधाचं पेटंट संपलं, दुसऱ्या कंपनीने तेच औषध बनवलं आणि रक्तात ते तितकंच आणि तितक्याच वेगाने उतरतं हे चाचणीने दाखवलं, तर ते जेनेरिक. आपल्याकडे २००५पर्यंत रेणूवर पेटंटच नव्हतं, मग ते संपणार कुठून? जो तो तोच रेणू घेऊन स्वतःचं नाव छापत गेला. त्यामुळे आपण ब्रँडेड म्हणून घेतो त्यातली बहुतेक औषधं खरं तर जेनेरिकच आहेत. डॉक्टर ‘जेनेरिक’ म्हणतात तेव्हा त्यांना बरेचदा स्वस्तातला, एमआर न फिरवता स्टॉकिस्टकडून (घाऊक विक्रेत्याकडून) थेट दुकानात उतरणारा माल अभिप्रेत असतो. त्याच्यावर छापील किंमत चांगली घसघशीत असते आणि खरेदी फारच कमी, म्हणजे फायदा दुकानदाराचा, रोग्याचा नव्हे. सरकार म्हणतं तेव्हा स्वस्त औषधांच्या सरकारी योजनेतल्या जनऔषधी दुकानातली गोळी. आणि नियमावलीत तर फक्त रेणूचं नाव. एकच शब्द घेऊन सगळे भांडत होते, प्रत्येकाची वस्तू वेगळी होती.

मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या गोळीची एखादी स्ट्रिप उलटी करून पाहा. रेणूचं नाव ब्रँडपेक्षा मोठ्या अक्षरात दिसेल; २०१८पासून तसा नियम आहे. खाली ‘मार्केटेड बाय’, पुढे ओळखीची कंपनी, पत्ता मुंबईचा किंवा अहमदाबादचा. आणखी बारीक अक्षरांत ‘मॅन्युफॅक्चर्ड बाय’, आणि तिथे पुष्कळदा बद्दी, जिल्हा सोलन, हिमाचल प्रदेश. २००३मध्ये हिमाचल आणि उत्तराखंडला उत्पादन शुल्कात दहा वर्षांची सूट मिळाली आणि गोळ्या बनवण्याचं काम तिकडे ओढलं गेलं. एकाच शेडमधून एकच गोळी तीन कंपन्यांच्या नावाने तीन किमतींना निघते, हे धंद्यातल्या कोणालाही नवं नाही.

आणि रक्तात उतरण्याची चाचणी? अमेरिकेला किंवा युरोपला जाणाऱ्या मालाला ती द्यावीच लागते. देशात विकायच्या औषधाचं तसं नव्हतं. नव्या औषधाला मंजुरी मिळून चार वर्षं उलटली की राज्याच्या पातळीवर परवाना मिळे, आणि ही चाचणी मागितली जात नसे. एप्रिल २०१७मध्ये ती सक्तीची झाली, पण पाण्यात नीट न विरघळणाऱ्या दोन वर्गांतल्या औषधांपुरती. माझ्या मते ब्रँडनावावर बंदी घालण्याआधी ही चाचणी सगळ्या औषधांना लावायला हवी होती.

२००५मध्ये जागतिक व्यापार कराराप्रमाणे रेणूवरचं पेटंट परत आलं. जुन्याच औषधाचा थोडा बदललेला अवतार नवा म्हणून खपवता येऊ नये यासाठी कायद्यात कलम ३(ड) घातलं गेलं. १ एप्रिल २०१३ला सर्वोच्च न्यायालयाने रक्ताच्या कर्करोगावरच्या एका स्विस कंपनीच्या औषधाला याच कलमाखाली पेटंट नाकारलं. कंपनीच्या औषधाचा महिन्याचा खर्च लाखाच्या वर होता, देशी गोळ्यांचा आठ-दहा हजार.

दर्जाची गोष्ट मात्र किमतीच्या मागेच राहिली. १९८६मध्ये मुंबईतल्या एका मोठ्या सरकारी रुग्णालयात ग्लिसरॉलमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन मिसळलेलं निघालं आणि १४ रुग्ण दगावले. न्यायमूर्तींचा आयोग बसला, अहवाल आला. २०२२मध्ये गॅम्बियातल्या मुलांच्या मृत्यूंनंतर भारतीय सिरपांमध्ये तेच रसायन सापडलं. २०२५मध्ये छिंदवाड्यात पुन्हा तेच; आजारी पडलेली बरीच मुलं उपचारासाठी नागपूरला आणली होती. मधल्या काळात कारखान्यांसाठीचे सुधारित नियम आले होते. लहान उत्पादकांना त्यासाठी २०२५च्या अखेरपर्यंत मुदत वाढवून दिलेली होती.

स्वस्त गोळीच्या पोटात स्वस्त कच्चा मालही असतो. पेनिसिलिन-जी हा अनेक प्रतिजैविकांचा कच्चा माल. १९९०नंतर ते चीनमधून इतकं स्वस्त पडू लागलं, की इथले कारखाने एकेक करून थंडावले. बल्क ड्रगच्या, म्हणजे औषधांच्या कच्च्या मालाच्या आयातीत आज साधारण दोन-तृतीयांश वाटा चीनचा आहे. २०२०मध्ये सरकारने ६,९४० कोटींची प्रोत्साहन योजना आणली आणि २०२४मध्ये काकीनाड्याजवळ पेनिसिलिन-जी पुन्हा निघू लागलं. तोवर चिनी भाव आणखी उतरले होते. आयातीला किमान किंमत ठरवा, असं कच्चा माल बनवणारे म्हणू लागले. तसं केलंत तर त्याच मालापासून होणारी ॲमॉक्सिसिलिनची कॅप्सूल महागेल, असं कॅप्सूल बनवणारे म्हणू लागले.