अर्धी इमारत वाऱ्यावर, अर्धी पाण्यावर

भर वैशाखात दगडी देवळाच्या गाभाऱ्यात शिरलं की अंग निवतं. खरं तर तिथली हवा आपल्याला वाटते तेवढी गार नसते. गार असतात त्या भिंती. आपलं शरीर सगळ्या बाजूंनी सतत उष्णता बाहेर टाकत असतं. समोर गार दगड असला की तो ती घेतो आणि त्या मानाने कमी परत करतो.

हैदराबादजवळ पोचारमला इन्फोसिसने 2011 च्या सुमारास एक ऑफिस बांधलं आणि त्यात हेच तत्त्व तपासून पाहिलं. इमारतीचे दोन जुळे भाग केले. एका भागात नेहमीचा सेंट्रल एसी, तोही मुद्दाम चांगला, काटकसरी निवडलेला. दुसऱ्या भागात स्लॅबमध्येच प्लास्टिकच्या नळ्या टाकून त्यांतून गार पाणी खेळवलं. दोन्हींना वेगळे मीटर. दोन वर्षांनी हिशेब केला, तर पाण्याच्या भागाला थंडाव्यासाठी सुमारे 34 टक्के कमी वीज लागली होती. यंत्रणेचा खर्च जवळपास सारखाच!

कारण सोपं आहे. तेवढ्याच जागेत पाणी हवेच्या जवळजवळ 3,500 पट उष्णता वाहून नेतं. जे काम भल्यामोठ्या डक्टमधून पंख्यांनी हवा ढकलून व्हायचं, ते बोटभर नळीत होतं. शिवाय अख्खं छतच गार असल्यामुळे पाणी नेहमीसारखं 7 अंशांपर्यंत थंड करावं लागत नाही, आणि चिलरचे, म्हणजे पाणी गार करणाऱ्या यंत्राचे, कष्ट वाचतात.

मेख आहे ती दमट हवेची. बर्फाच्या पाण्याच्या ग्लासाला घाम फुटतो तसा छताला फुटला, तर थेंब थेट कॉम्प्युटरवर. म्हणून आत येणारी ताजी हवा आधी वेगळी कोरडी करावी लागते, आणि मनात येईल तेव्हा खिडकी उघडता येत नाही. मुंबईच्या जुलैत हे सांभाळणं हैदराबादपेक्षा नक्कीच कठीण.

मग सगळे असं का बांधत नाहीत? माझ्या मते अडचण विज्ञानाची कमी आणि बिलाची जास्त आहे. इन्फोसिसची इमारत स्वतःची, बिलही स्वतःचं. भाड्याने द्यायच्या ऑफिसात बांधतो एक आणि वीजबिल भरतो दुसरा. त्यामुळे पश्चिमेच्या उन्हात अख्खी काचेची भिंत उभी करताना बांधणाऱ्याला घाम फुटत नाही. आपल्याकडे व्यापारी इमारतींसाठी ऊर्जा संहिता, म्हणजे वीज वाचवणाऱ्या बांधकामाची नियमावली, 2007 पासून आहे. ऊर्जा दक्षता ब्युरो ऑफिसांना तारेही देतो, आणि ते चौरस मीटरमागे वर्षाला प्रत्यक्ष किती युनिट जळले ते पाहून. लॉबीत टांगलेल्या हिरव्या प्रमाणपत्रापेक्षा मला हा आकडा जास्त भरवशाचा वाटतो.

फक्त तो कळतो इमारत वापरात आल्यावर. नळ्या मात्र काँक्रीट ओतण्याआधी टाकाव्या लागतात, आणि भाड्याच्या इमारतीत तेव्हा भाडेकरूचा बहुधा पत्ताही नसतो.